लघवीत शुगर तीन प्लस आलीय, पण काळजी भलतीकडेच चाललीय

पत्र असं आलंय:

"काकू, माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, वय ६७, बारा वर्षांपासून डायबेटिस. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन नावाची नवीन गोळी चालू केली. मागच्या आठवड्यात सगळ्या टेस्ट केल्या. उपाशीपोटी शुगर ११८, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.९. पण लघवीच्या रिपोर्टमध्ये शुगर +++, अल्ब्युमिन नील, पस सेल्स ६-८, एपिथेलियल सेल्स भरपूर, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५. +++ बघून अप्पा हादरलेत. त्यांच्या वडिलांची लघवी घरीच परीक्षानळीत उकळून बघायचे, विटकरी रंग आला की घरात कोणी बोलायचं नाही, तेच त्यांच्या डोक्यात बसलंय. लघवी एकदम पिवळीजर्द होते म्हणून कावीळ असेल असंही म्हणतात, बी कॉम्प्लेक्स सोडून बाकी काही नवीन खाणं-पिणं नाही. जळजळ, ताप काही नाही. शेजारच्या काकांनी पस सेल्सवर अँटिबायोटिकची स्ट्रिप आणून दिलीय, अजून दिली नाही. त्यात डॉक्टरांनी आता 'युरीन एसीआर' नावाची लघवीचीच अजून एक टेस्ट सांगितलीय. अप्पांचं म्हणणं, एकदा लघवी तपासली, अल्ब्युमिन नील आलं, किडनी चांगली आहे, आता परत कशाला, सगळं कमिशनसाठी चाललंय. सँपल घरूनच नेलं होतं, सकाळी नऊला घेतलं, खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन. लवकर व्हावी म्हणून अप्पा तांब्याभर पाणी प्यायले. ह्यांनी आधी दुकान उघडलं, मग लॅबला गेले, तोवर एक वाजला. काय करू?
– जळगावहून एक सून"

अगं, तुझं पत्र वाचून मला हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं, कारण लॅबच्या खिडकीत २८ वर्षं बसून मी असल्या बाटल्या इतक्या घेतल्यात की खोकल्याच्या औषधाची, गुलाबपाण्याची, एकदा तर लोणच्याची बरणी, त्यात तेलाचा तवंग तसाच. तू सगळं इतकं नीट लिहिलंस म्हणून मला उत्तर देता येतंय, नाहीतर लोक नुसता रिपोर्टचा फोटो पाठवतात आणि विचारतात काकू सिरियस आहे का.

आधी एकच सांगते. तुम्ही सगळे ज्या +++ ला घाबरलात त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि ज्या 'नील'वर निर्धास्त झालात त्यावर मात्र मी अजून विश्वास ठेवणार नाही.

शुगरचं घे. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. हो, १८० लिटर, आपल्या बाथरूममधल्या मोठ्या पिंपाएवढं. त्यातलं जवळपास सगळं परत रक्तात ओढून घेतात आणि दीड-दोन लिटर काय ती लघवी म्हणून बाहेर येते. गाळताना साखर पण त्या पाण्यात उतरते, पण किडनी ती चोख परत उचलते, म्हणून नॉर्मल माणसाच्या लघवीत साखर दिसत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मात्र उचलणाऱ्यांचे हात अपुरे पडतात आणि उरलेली लघवीत सांडते. अप्पांच्या वडिलांच्या वेळी परीक्षानळीत जे विटकरी दिसायचं ते हे सांडलेलं. ते निळं पाणी म्हणजे बेनेडिक्टचं सोल्युशन, अमेरिकेतल्या स्टॅनली बेनेडिक्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेलं. पाच मिली निळं पाणी, आठ थेंब लघवी, स्पिरिटचा दिवा, निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, मग केशरी, मग विटकरी. मी पण शिकताना हे शेकडो वेळा केलंय, आणि एकदा नळी नीट न धरल्यामुळे उकळतं सगळं माझ्याच अॅप्रनवर आलं होतं, तो वास अजून नाकात आहे.

तर त्या काळात विटकरी म्हणजे रक्तात साखर खूप, हे बरोबरच होतं. घरी बोटाला सुई टोचून साखर बघायची सोय नव्हती, लघवी हाच आरसा. पण अप्पांची ती नवीन गोळी आहे ना, तिचं कामच हे आहे की किडनीतल्या त्या साखर उचलणाऱ्यांना अडवायचं. म्हणजे रक्तात साखर ११८ असली तरी ती लघवीवाटे बाहेर जाणार, दिवसाला कितीतरी चमचे भरून. गोळी घेणाऱ्याच्या लघवीत +++ नाही आलं तर मी उलट विचारेन, अप्पा गोळी खाताय ना की उशीखाली ठेवताय? गंमत सांगू का, या जातीच्या औषधांचा मूळपुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळा केलेला पदार्थ आहे, तो दिला की लघवीत साखर उतरते हे पुढे लक्षात आलं, आणि गोळी बनून घराघरात यायला पावणेदोनशे वर्षं गेली.

तेव्हा अप्पांना सांग की ही गोळी चालू आहे तोवर लघवीतली शुगर बघायचीच नाही. शुगर कंट्रोलमध्ये आहे का ते बोटाचं रक्त आणि एचबीएवनसी सांगतं, आणि तुमचे दोन्ही आकडे चांगले आहेत. लॅबच्या फॉर्मवर औषधाचं नाव लिहून द्यायचं, कोणी लिहीत नाही.

मात्र गोळीच्या दोन-तीन गोष्टी लक्षात ठेव. लघवीच्या जागी साखर लागून राहिली की बुरशीची खाज येते, तेव्हा लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, सासऱ्यांशी हे बोलायला तुला अवघड वाटत असेल तर ह्यांना सांगायला लाव. आणि अप्पा एकादशी वगैरे कडक उपास करत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. उलट्या-जुलाब होतायत, जेवण जात नाहीये, किंवा एखादं ऑपरेशन ठरलंय, अशा वेळी ही गोळी काही दिवस थांबवावी लागते. कारण या गोळीवर कधीकधी रक्तातली साखर नॉर्मल दिसत असतानाही अंगात आम्ल साचतं. उलटी, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर घरचं मीटर १३० दाखवतंय म्हणून गप्प बसायचं नाही, सरळ दवाखाना. पण +++ बघून गोळी आपल्याआपण बंद करायची नाही, ती किडनीसाठीही चांगली आहे, डॉक्टरांनी त्या हिशोबानेही दिली असेल.

पिवळेपणाचं पटकन सांगते. लघवीत ९५ टक्के पाणीच असतं. उरलेल्या पाचात सगळ्यात जास्त युरिया, मग मीठ म्हणजे सोडियम-क्लोराइड, पोटॅशियम, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, फॉस्फेट अशी मंडळी. रंग येतो तो युरोबिलिनचा, म्हणजे जुन्या झालेल्या लाल रक्तपेशी मोडतात त्यातून शेवटी जे निघतं त्याचा, आणि आतड्यातले जिवाणू नेमक्या कुठल्या एन्झाइमने त्यात हात घालतात हे २०२४ मध्ये कुठे अमेरिकेतल्या मेरीलंड विद्यापीठाच्या लोकांनी शोधून काढलं. माणूस चंद्रावर जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली आणि लघवी पिवळी का हे पूर्ण कळायचं राहिलं होतं! पण अप्पांचं पिवळंजर्द, हायलायटर पेनसारखं, ते बी कॉम्प्लेक्सचं आहे, त्यातलं रायबोफ्लेविन. दोन दिवस ती बी कॉम्प्लेक्सची गोळी बंद करून बघा, रंग जाईल. काविळीत लघवी गडद होते, काळ्या चहासारखी किंवा मोहरीच्या तेलासारखी, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. डोळे बघ खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नको.

आता पस सेल्स, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी. आम्ही काय करतो माहितीय? दहा-बारा मिली लघवी नळीत घालून मशीनवर गरगर फिरवतो, तळाशी बसलेला गाळ काचेवर घेतो आणि मायक्रोस्कोपखाली वेगवेगळ्या जागी बघून एका वेळी साधारण किती पेशी दिसतात ते लिहितो. पाचपर्यंत नॉर्मल धरतात. अप्पांचे ६-८. पण त्याच्या शेजारीच लिहिलंय एपिथेलियल सेल्स भरपूर, आणि ती ओळ कोणी वाचत नाही. एपिथेलियल म्हणजे कातडीच्या वरच्या थरातून गळलेल्या पेशी. त्या भरपूर आल्या याचा अर्थ न धुता आणि पहिली धारच बाटलीत धरलीय, म्हणजे बाहेरची घाण सँपलमध्ये. त्यात ते सँपल चार तास दुकानाच्या काउंटरवर. जळगावच्या उन्हाळ्यात! गरम हवेत जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, युरिया फोडून अमोनिया करतात, पेशी फुटतात, साखर खातात. ताज्या लघवीला तो मुतारीसारखा उग्र वास नसतो, तो नंतर येतो, ह्याच कारणाने. आणि बाटली साबणाने किंवा ब्लीचने धुतली असेल आणि अंश राहिला असेल तर लघवीत बुडवून बघतात त्या रंगीत चौकोनांच्या स्ट्रिपचे रंग चुकू शकतात ते वेगळंच. थोडक्यात ते ६-८ अप्पांच्या मूत्राशयातले किती आणि खोकल्याच्या बाटलीतले किती, हे मला विचारशील तर मी सांगू शकणार नाही, आणि शेजारचे काका पण नाही.

काकांची ती अँटिबायोटिकची स्ट्रिप परत देऊन टाक. जळजळ नाही, ताप नाही, सारखं जावं लागतंय असं नवीन काही नाही, तर नुसत्या पस सेल्सवर अँटिबायोटिक द्यायचं नसतं. इतकंच काय, लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून बघतात त्या टेस्टमध्ये, जिवाणू निघाले पण त्रास काहीच नाही, तरी अप्पांच्या वयाच्या डायबेटिसवाल्यालाही सहसा औषध देत नाहीत. गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन करायचं असेल तर गोष्ट वेगळी. उगाच दिलं तर पुढच्या वेळी खरं इन्फेक्शन येईल तेव्हा तेच औषध चालत नाही. काकांना वाईट वाटेल, त्यांना चहाला बोलव.

आता मुद्द्याचं, म्हणजे ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. अल्ब्युमिन नील.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात, सपिटाच्या चाळणीपेक्षा कितीतरी बारीक, त्यातून पाणी, मीठ, युरिया जातं पण अल्ब्युमिन जवळपास जात नाही. डायबेटिसने, बीपीने या गाळण्या खराब व्हायला लागल्या की सगळ्यात आधी जे होतं ते हे, थोडं थोडं अल्ब्युमिन निसटायला लागतं. माणसाला काहीच जाणवत नाही, पायाला सूज नाही, कंबर दुखत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंमधून निघणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ते पण बराच काळ नॉर्मल राहतं, किडनीचं निम्मं काम गेलं तरी कधीकधी ते रेंजमध्येच दिसतं. ह्या वेळी पकडलं तर गोळ्यांनी, बीपी खाली आणून, गळती कमी करता येते. उशिरा पकडलं तर डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेली माणसं मी रोज सकाळी लॅबसमोरून जाताना बघितलीयत, त्यातल्या कितीतरी जणांच्या जुन्या फायलींमध्ये अल्ब्युमिन नील, अल्ब्युमिन नील असंच लिहिलेलं असायचं आणि एसीआरचा एकही कागद नसायचा.

खोटं लिहिलेलं नसायचं ते. स्ट्रिपवरचा प्रोटीनचा चौकोन साधारण १५-२० मिलिग्रॅम दर १०० मिलीच्या पुढे गेल्यावरच रंग बदलतो, त्याच्या आतली गळती त्याला दिसतच नाही. त्यात अप्पा तांब्याभर पाणी प्यायलेले. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती दाट ते, १.००५ आहे ना, शुद्ध पाण्याची १.००० असते, म्हणजे बघ किती पातळ सँपल होतं. थोडंफार अल्ब्युमिन असेलच तर ते त्या पाण्यात विरून गेलं.

एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, हा ह्याच्यावरचा उपाय आहे. त्यात अल्ब्युमिन मोजतात आणि त्याच सँपलमधलं क्रिएटिनिन पण मोजतात आणि एकाला दुसऱ्याने भागतात. अप्पांना असं समजाव: पाहुणे आले म्हणून वरणात पाणी वाढवलं तर मीठ कमी लागतं, बरोबर? पण मूठभर डाळीमागे मीठ किती घातलं होतं हे प्रमाण काही बदलत नाही. क्रिएटिनिन म्हणजे डाळ. स्नायूंमधून ते रोज जवळपास सारखंच बाहेर पडतं, त्यामुळे माणूस तांब्याभर प्यायला काय नि घोटभर काय, भागाकार तोच येतो. साधा युरीन रूटीन ही नुसती चव आहे, ही टेस्ट वजनकाटा आहे. आणि टाइप टू डायबेटिसचं निदान झालं त्या वर्षापासून दरवर्षी एकदा करायची असते ही, अप्पांची बारा वर्षांत किती वेळा झाली ते फाइल काढून बघ. कमिशनचं म्हणशील तर या धंद्यात ते चालतंच नाही असं मी म्हणणार नाही, मी आतून बघितलंय, नको त्या पाच हजारांच्या पॅकेजांवर मी स्वतः भांडलेय. पण ज्या टेस्टवर संशय घ्यावा त्या यादीत ही नाही. डायबेटिसच्या पेशंटला हिच्याइतकी पैसे वसूल करून देणारी टेस्ट मला तरी दुसरी माहीत नाही.

एसीआरचा आकडा (मिलिग्रॅम दर ग्रॅममध्ये) ३० च्या खाली आला तर छान, पुढच्या वर्षी परत. ३० ते ३०० आला तर लगेच रडारड नको, एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वर आला तरच धरतात. कारण ताप असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, आदल्या दिवशी खूप व्यायाम झाला असेल, साखर किंवा बीपी खूप वाढलेलं असेल, तर तेवढ्यापुरता आकडा चढतो. ३०० च्या वर असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे. रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढतात तो ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, पण सोबत करून घ्या, दोन्ही मिळून चित्र कळतं.

सँपल कसं द्यायचं ते आता नीट वाच, अप्पांना वाचून दाखव, संकोच नको, मी बाई असून रोज परक्या पुरुषांना हे खिडकीतून ओरडून सांगायचे. मेडिकलमधून सीलबंद डबी आण, दहा-वीस रुपयांची, आधी उघडायची नाही. सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी, चहाच्या आधी, पाणी ढोसायच्या आधी. आदल्या दिवशी मेहरूण तलावाला चार फेऱ्या वगैरे नको. पुढची कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायचं, साबण नको. पहिली धार संडासात सोडायची, मग न थांबता मधली धार डबीत, अर्धी डबी भरली की पुरे, शेवटची परत संडासात. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. वर नाव, वेळ. तासा-दोन तासात लॅबमध्ये, म्हणजे आधी लॅब मग दुकान, ह्यांना सांग. अगदीच जमणार नसेल तर डबी दोन पिशव्यांत बांधून फ्रीजमध्ये ठेवायची. सासूबाई असतील घरात आणि त्याच फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध असेल तर ते जमायचं नाही हे मला माहितीय, म्हणून म्हणते, आधी लॅब.

पत्रात नाही पण वय ६७ म्हणून सांगून ठेवते. लघवीतून कधी लाल रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, एकदाच दिसून थांबलं तरी, दाखवायचं. बीट खाल्लं असेल तर लाल दिसू शकते, टीबीच्या गोळ्यांनी केशरी होते, ते वेगळं. रोजच फेस राहतोय, पाणी ओतलं तरी जात नाही, हेही सांगायचं. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली मागे दुखणं, किंवा लघवी तुंबणं, ह्यात तर रात्र काढायचीच नाही.

जवाचं पाणी, कुळथाचं पाणी, नारळपाणी असले सल्ले आता सुरू होतील, आणि कोणीतरी मोरारजीभाई पंतप्रधान असताना शिवांबू घ्यायचे आणि नव्याण्णव वर्षं जगले हेही सांगेल. जगले, खरंय. पण किडनीने एवढ्या कष्टाने जे बाहेर काढलंय ते परत आत घालायचं, आणि अप्पांच्या बाबतीत तर त्यात चमच्याने साखर आहे, तेव्हा माफ करा. नारळपाण्यात पोटॅशियम असतं, एसीआर आणि क्रिएटिनिन येईपर्यंत रोज नारळ फोडत बसू नका.

एसीआरचा आकडा आला की मला कळव, सोबत त्या दिवसाचं बीपी पण लिही. आणि अप्पांचा तांब्या त्या सकाळी लपवून ठेव.